खाऱ्या वाऱ्यात एसी बसवताना

पहिला एसी बसवला त्या दिवशी शेजारच्या आबांनी गडग्यापलीकडून विचारलं, "काय गो वयनी, एसी लावलंस? मगे बिल कोण भरतलो?" बिलाचं काही एवढं झालं नाही. घात झाला तो भलतीकडूनच. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बाहेरच्या युनिटच्या मागच्या पत्र्यांना बोट लावलं, तर ते पापडासारखे चुरले आणि पांढरी भुकटी हाताला लागली. स्टँडचा एक पाय गंजून अर्धा झाला होता. घरातलं युनिट मात्र नव्यासारखं!

आमचं घर मालवणजवळ, समुद्र चालत पाच मिनिटांवर. पाहुण्यांना द्यायच्या तीन खोल्या आहेत आणि तिन्हींत स्प्लिट एसी, म्हणजे एक युनिट खोलीत आणि एक बाहेर. आजवर पाच यंत्रं लावली, त्यातली दोन भंगारात गेली. पहिल्यांदा एसी घेणारं कुणी विचारायला आलं की जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत यातलं निम्मं नसतं. घाटावर उन्हाशी भांडायचं असतं, आपल्याकडे पाण्याशी आणि मिठाशी.

आधी आपली हवा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो. मालवण-रत्नागिरीत तो ३३-३४ वर असतो, तरी पंख्याखाली बसून घामाच्या धारा लागतात. हवेत वाफच इतकी, की घाम सुकणार कुठे? एसी ही हवा आतल्या थंड कॉइलवरून (पातळ पत्रे चढवलेल्या धातूच्या नळ्यांवरून) फिरवतो, तिथे वाफेचं पाणी होतं आणि नळीवाटे बाहेर पडतं. ते पाणी फुकट पडत नाही. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची ताकद. (शब्द बर्फावरून आलाय. ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी. जेटीवर बर्फाच्या लाद्या उतरताना बघितलेल्याला हे लगेच कळतं.) दीड टनी यंत्राची ताकद ५.२ किलोवॅट. तासाला २ लिटर पाणी पडत असेल, तर त्यातला चौथा हिस्सा नुसतं पाणी काढण्यात जातो. मी एकदा चार पाहुण्यांच्या खोलीखाली बादली लावून मोजलं. रात्रभरात दहा-अकरा लिटर पाणी निघालं.

पुढच्या बहुतेक सगळ्या सूचना या बादलीतूनच निघतात.

खोली तयार करा, मग दुकानात जा

कौलारू खोलीत, वर फळ्यांचा माळा किंवा खोटं छत नसताना, एसी लावू नका. कौलांच्या फटींतून बाहेरची ओली हवा सतत आत येते आणि यंत्र अख्ख्या वाडीची हवा सुकवत बसतं. आमच्या जुन्या माजघराच्या बाजूच्या खोलीला आम्ही आधी सिमेंट शीटचं छत केलं, झरोके आतून फळीने बंद केले, दाराच्या खाली रबराची पट्टी लावली. जुन्या खिडक्यांना नुसते गज आणि लाकडी झडपा असतील, तर आतून काचेची सरकती खिडकी बसवून घ्या. हा खर्च एसीच्या किमतीत धरूनच हिशोब करायचा.

खोली स्वयंपाकघराला लागून असेल तर मधलं दार घट्ट बसतं का ते पाहा. बांगडे तळल्याचा वास एकदा का कॉइलच्या ओलाव्यात बसला, की दुसऱ्या दिवशी एसी चालू करताच तो परत दरवळतो. धूप, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती यांचंही तेच.

वरच्या मजल्याच्या स्लॅबखालची खोली असेल, तर स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खाली सोडतो. गच्चीवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग मारला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून झडप किंवा जाड पडदा लावला, तर कित्येकदा दीडऐवजी एक टनात भागतं.

किती टनाचा

साधारण हिशोब असा: ११०-१२० चौरस फुटांपर्यंतच्या झोपायच्या खोलीला एक टन, १५०-१८० पर्यंत दीड टन. स्लॅबखाली, पश्चिमेच्या उन्हात किंवा रोज चार माणसं झोपणारी खोली असेल तर एक पायरी वर.

"मोठाच घ्या, पटकन थंड करतो" असं दुकानदार सांगेल. आपल्या हवेत हा सल्ला महागात पडतो. गरजेपेक्षा मोठं, एकाच वेगाने चालणारं यंत्र दहा मिनिटांत लावलेल्या तापमानाला पोचतं आणि कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप) बंद करतं. हवा गार होते, पण पाणी निघायला वेळच मिळत नाही. मग खोलीत थंड, ओल्या गोणपाटासारखं वाटतं, आणि माणूस आकडा आणखी खाली नेतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा, कमी वेगाने बराच वेळ चालत राहतो, त्यामुळे पाणी नीट काढतो. किनाऱ्यावर इन्व्हर्टरच घ्यावा असं मी म्हणते त्याचं कारण विजेच्या बचतीइतकंच हेही आहे.

स्टार लेबल बघताना ताऱ्यांबरोबर त्यावरचं वर्षही बघा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही मोजपट्टी दर काही वर्षांनी कडक करतो, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आजच्या पाचांइतके नसतात. लेबलवर वर्षाचे विजेचे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तासांच्या वापरासाठी. समजा ८०० लिहिलंय, तर ताशी अर्धा युनिट. रोज आठ तास वापरला तर महिन्याला १२०. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, तिथली खोली २७ अंशांची आणि आपल्यापेक्षा बरीच कोरडी असते. तुमचा आकडा थोडा वर जाईल असं धरून चाला. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराची पायरी चढते. तुमचा आजचा वापर ९० असेल तर एसीचे जवळजवळ सगळे युनिट दुसऱ्या पायरीच्या दराने लागतील. आबांना मी हेच कागदावर मांडून दाखवलं होतं.

मिठाचं काय? बाहेरच्या युनिटचं कॉइल तांब्याचं आहे ना, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर निळा किंवा सोनेरी लेप आहे ना, हे विचारून घ्या. लेप असला म्हणजे निर्धास्त झालो असं नाही, पण बिनलेपाचं यंत्र समुद्राजवळ आणूच नका. वॉरंटीच्या कागदावर गंजाबद्दल काय लिहिलंय ते पैसे भरण्याआधी वाचा. माझ्या पहिल्या यंत्राच्या वेळी मी ते पैसे भरल्यानंतर वाचलं.

वीज: इथे काटकसर नको

बिलावर मंजूर भार किती किलोवॅट छापलाय ते पाहा. फ्रीज, पंप, गिझर आणि वर एसी मिळून तो ओलांडला जात असेल, तर भार वाढवायचा अर्ज आधी करा.

एसीला डीबीपासून (घराच्या मुख्य स्विचांच्या पेटीपासून) स्वतंत्र लाइन हवी. तांब्याची वायर किमान २.५ चौरस मिमीची, अंतर लांब असेल तर ४ ची. त्यावर एसीचाच एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), कंपनीच्या पुस्तिकेत लिहिला असेल तितक्या अँपिअरचा, बहुतेक वेळा १६ किंवा २०. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात बसवून घ्या. प्लग बसवताना सॉकेट आतल्या युनिटच्या अगदी खाली येणार नाही याची काळजी घ्या. ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर नेणारी नळी, कधीतरी तुंबतोच, आणि पाणी सरळ खाली येतं.

अर्थिंगबद्दल जरा थांबून सांगते, कारण कातळावरच्या घरांत ही गोष्ट कायम हसण्यावारी नेली जाते. जांभ्याच्या कातळात खड्डा मारायला कष्ट पडतात म्हणून वायरमन दोन फुटांवर सळी ठोकून मोकळा होतो. पावसात ती चालते. मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकली की अर्थिंग नावालाच उरतं, आणि एसी नेमका तेव्हाच जोरात चालतो. माती असलेली जागा शोधा, परसदारातल्या न्हाणीच्या पाण्याजवळची उत्तम. कोळसा-मीठ घालून व्यवस्थित खड्डा करा आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर ठीक.

स्टॅबिलायझर लागेल का, हे ओळखायची सोपी रीत आहे. मे महिन्यात रात्री आठ-नऊला, सगळ्या वाडीचे पंखे-टीव्ही चालू असताना, मल्टिमीटरने घरातला व्होल्टेज तीन-चार दिवस पाहा. यंत्रावर त्याची मर्यादा लिहिलेली असते. बऱ्याच इन्व्हर्टर मॉडेलांची ती रुंद असते, आणि व्होल्टेज तिच्या आत राहत असेल तर वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. लाइनीच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर मात्र घ्याच.

बाहेरचं युनिट कुठे

यासाठी मी घराभोवती एक फेरी मारायला सांगते. आपला समुद्र पश्चिमेला. खारा वारा तिकडून येतो, पावसाळ्यातला झोडपणारा पाऊस नैर्ऋत्येकडून. म्हणून बाहेरचं युनिट पूर्वेच्या भिंतीला, घराच्या आडोशाला. दुपारनंतर, म्हणजे एसी सुरू करायच्या वेळी, ती भिंत सावलीतही असते. एका जागेत दोन्ही कामं होतात. पूर्व जमत नसेल तर उत्तर. समुद्र दिसणाऱ्या गॅलरीत युनिट टांगलं, तर त्याची पाठ वाऱ्यातलं मीठ सरळ ओढून घेते.

मीठ इतकं नडतं ते का? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण स्वतःच पाणी ओढून विरघळतो. किनाऱ्यावर बहुतेक रात्री आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पत्र्यावर बसलेलं मीठ सुकतच नाही, रोज रात्री खाऱ्या पाण्याचा थर चढतो. त्यात तांब्याच्या नळीला ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटलेला. दोन धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच ती, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. माझ्या बोटाला लागलेली पांढरी भुकटी ही होती.

वर बघायला विसरू नका. माडाखाली युनिट नको. नारळ पडला तर वरचा पत्रा आत जातो, झावळ पडली तर पंखा तुटतो. वानरांची टोळी येत असेल तर पाइपावरचा मऊ फोम ती सोलून काढतात. आमच्याकडे पाइप बाहेरून पीव्हीसीच्या पट्टीत झाकल्यावरच हा त्रास थांबला.

जमिनीवर कट्टा बांधून ठेवायचं असेल तर कट्टा निदान दीड-दोन फूट उंच हवा. नदीकाठच्या घरांनी त्याहून वर विचार करावा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी कुठवर चढलं होतं ते तिथे कुणालाही विचारा. भिंतीवर टांगायचं तर स्टँड गॅल्व्हनाइझ्ड (जस्ताचा थर चढवलेला) किंवा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा मागा. यंत्राबरोबर बहुधा रंग मारलेला साधा लोखंडी स्टँड येतो, तो आपल्याकडे फार टिकत नाही. बोल्टही स्टेनलेसचेच घ्या, नाहीतर स्टँड टिकेल आणि बोल्ट जाईल.

चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीत स्क्रू धरणाऱ्या प्लगवर विसंबू नका. चिरा भोकाभोवती भुसभुशीत होऊन प्लग सैल पडतो, आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने तो हळूहळू बाहेर येतो. शक्य असेल तर काँक्रीटच्या बीमला धरा. नाहीतर भिंतीतून आरपार बोल्ट आणि आतून पट्टी. सांध्यांत नुसती माती भरलेली जुनी भिंत असेल तर टांगायच्या नादी न लागता कट्टाच बांधा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात आलेलं तौक्ते, या दोन्हींनंतर मी टांगलेल्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

युनिटच्या पाठीमागे हवा घ्यायला चार-सहा इंच आणि समोर निदान दोन फूट मोकळं हवं. नेमकं माप पुस्तिकेत असतं. गरम वारा कुंपणावर आपटून परत आत आला तर वीज वाया.

बसवण्याचा दिवस

एप्रिल-मेमध्ये मेकॅनिक हाताला लागत नाहीत, लागले तर घाईत असतात. धो-धो पावसात पाइप उघडे पडले तर आत ओल शिरते. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे महिने यासाठी सगळ्यात बरे.

त्या दिवशी घरीच राहा. चहा द्या, आणि बघत बसा.

आतलं युनिट जमिनीपासून सात-आठ फुटांवर, वरच्या बाजूला पुस्तिकेत दिली असेल तेवढी मोकळी जागा ठेवून. झुळूक सरळ डोक्यावर येणार नाही अशी भिंत निवडा. प्लेट लेव्हल लावून ठोकायला लावा. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं आणि त्यात पीव्हीसीची नळी घातलेली हवी, नाहीतर मुंग्या आणि पाली त्याच वाटेने घरात येतात.

पाइप तांब्याचाच आहे का, हे डोळ्यांनी पाहून घ्या. काही किटमध्ये ॲल्युमिनियमचा असतो. दोन्ही पाइपांना वेगवेगळा फोम चढवलेला हवा, एकाच फोममध्ये दोन्ही कोंबलेले नकोत. जोडापाशी फोम उघडा राहिला तर तिथून टपटप पाणी पडतं आणि भिंतीवर काळा ओघळ उमटतो. दोन युनिटांमधलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं. ठरलेल्या लांबीच्या पुढे प्रत्येक फुटाचे पैसे लागतातच, शिवाय जास्तीचा गॅसही घालावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाइप जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते. पंधरा-वीस मिनिटं तरी पंप चालला पाहिजे, पावसाळी हवेत त्याहून जास्त, आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहतो का ते बघायचं. काटा वर सरकला तर कुठेतरी गळती आहे किंवा आत ओल उरली आहे. आमच्या दुसऱ्या एसीच्या वेळी आलेल्या मुलाकडे पंपच नव्हता. त्याने व्हॉल्व्ह जरासा उघडून गॅसच्या जोराने हवा बाहेर सोडली, "झालं काकी" म्हणाला आणि निघाला. दोन वर्षांत कॉम्प्रेसर गेला. ओल आत राहिली की तेल खराब होतं आणि आतल्या आत गंजत जातं. आता फोनवरच विचारते, "पंप आणणार आहात ना?" हो म्हणाले तरच वेळ ठरवते.

हल्लीच्या यंत्रांत बहुधा आर-३२ गॅस असतो, काहींत आर-२९०. दोन्ही पेट घेऊ शकतात, आर-२९० तर फारच सहज. म्हणून जोडणी चालू असताना खोलीत विडी-सिगारेट नको, निरांजन नको, आणि खिडक्या उघड्या. पंप काढल्यावर ॲलन की ने दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहायचं, आणि पितळी टोप्या परत घट्ट बसवायच्या. या टोप्या अंगणात हरवतात. मोजून घ्या.

मेकॅनिक जाण्याआधी आतल्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतायला सांगा. ते सगळं ड्रेनमधून बाहेर आलं पाहिजे, खळखळत, न अडता. ड्रेनचा पाइप सतत उतरता हवा, कुठेही वर चढून खाली येता कामा नये, आणि टोक बादलीच्या पाण्यात बुडता कामा नये. मग वीस मिनिटं एसी चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. आठ ते बारा अंशांचा फरक पुरेसा आहे. दमट दिवशी तो कमी दिसतो, घाबरू नका. ताकद पाणी काढण्यात चाललीय.

रोज चालवायची रीत

२०२० पासून स्टार लेबलचे एसी कारखान्यातून २४ अंशांवरच लावून येतात. ऊर्जा ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. आमच्या खोल्यांत आम्ही २६ लावून ठेवतो आणि वरचा पंखा अगदी हळू. पाहुणे आल्या आल्या १८ करतात. त्याने खोली लवकर थंड होत नाही, यंत्र थांबायचं नाव घेत नाही इतकंच.

१८ चा आणखी एक तोटा फक्त आपल्याकडचा. मे-जूनमध्ये आपल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड झालेल्या कुठल्याही वस्तूवर बाहेरची हवा लागली की तिला घाम फुटतो. खोली १८ वर ठेवली की खिडकीची काच बाहेरून ओघळते, दाराची पडवीकडची बाजू भिजते, पलीकडच्या खोलीतल्या सामाईक भिंतीवर आणि तिला टेकलेल्या कपाटाच्या पाठीवर बुरशी धरते. आम्ही एकदा या बुरशीसाठी रंगारी बोलावला होता! आकडा २६ वर नेला तेव्हा ती थांबली.

जुलै-ऑगस्टमध्ये उकडत नाही, पण कपडे ओले, अंथरूण दमट, बुटांना बुरशी. तेव्हा ड्राय मोड वापरा. यात पंखा हळू आणि कॉम्प्रेसर थांबून-थांबून चालतो, पाणी निघतं, थंडी फारशी वाजत नाही. संध्याकाळी तासभर पुरतो. ओले कपडे मात्र त्या खोलीत वाळत घालू नका. ते पाणीही यंत्रालाच काढावं लागतं.

झोपताना स्लीप मोड किंवा टायमर लावा. पहाटे चारनंतर नुसता पंखा बहुतेकांना पुरतो.

एसी बंद केल्यावर आतलं कॉइल ओलं राहतं आणि तिथे बुरशी येऊन आंबट वास सुटतो. काही मॉडेलांत बंद करताच कॉइल सुकवायची सोय असते. नसेल तर सकाळी खोली सोडताना खिडकी उघडून फॅन मोड पंधरा-वीस मिनिटं चालवा. खिडकी बंद ठेवून हे केलंत तर रात्रभर काढलेलं पाणी परत खोलीत जाईल.

धुणं-पुसणं

आतल्या जाळ्या दर पंधरवड्याला नळाखाली धुवून सावलीत वाळवायच्या. पाच मिनिटांचं काम आहे, घरातल्या पोरांनाही जमतं.

बाहेरच्या युनिटला महिन्यातून एकदा गोड्या पाण्याची आंघोळ. एमसीबी बंद करून, हलक्या धारेने, पत्र्यांवर सरळ पाणी सोडायचं. तिरकी किंवा जोराची धार मारली तर पत्रे वाकतात. वायरिंगच्या झाकणावर पाणी नको. छपरीखाली ठेवलेल्या युनिटला हे जास्तच लागतं, कारण मीठ तिथेही पोचतं पण पावसाने धुतलं जात नाही. एक सावधगिरी: किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ चोळणं. आम्ही एसीच्याच ड्रेनचं पाणी बादलीत साठवून तेच बाहेरच्या युनिटवर ओततो. हवेतून निघालेलं पाणी, त्यात मीठ नाही. पिऊ नका, झाडांना आणि लादी पुसायला चालतं.

बाहेरच्या युनिटला प्लास्टिकची पिशवी किंवा ताडपत्री गुंडाळू नका. आत ओल कोंडते, आणि उंदीर घर करतात.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मेकॅनिककडून पूर्ण सर्व्हिस करून घ्या. त्या वेळी "गॅस कमी झालाय, भरतो" असं ऐकलंत तर लगेच हो म्हणू नका. गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला असेल तर गळती आहे. आधी ती शोधायची, बुजवायची, परत व्हॅक्यूम करायचं, आणि मग युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाएवढा गॅस काट्यावर तोलून भरायचा. काटा न आणता नुसत्या अंदाजाने भरणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

बंद घर

मुंबईला राहणाऱ्यांचं घर शिमगा, मे आणि गणपती सोडलं तर कुलपात असतं. जाताना फॅन मोडवर कॉइल पूर्ण सुकवा, एमसीबी पाडा, रिमोटमधले सेल काढा. विजा कडाडायला लागल्या की, म्हणजे मेअखेर आणि पुन्हा ऑक्टोबरात, आम्ही घरात असतानाही एमसीबी पाडतो. सर्किट बोर्ड जळला तर दुरुस्तीचा आकडा ऐकवत नाही.

गणपतीत घर उघडल्यावर थेट बटण दाबू नका. आधी बाहेर जाऊन युनिटमध्ये डोकावा. पालापाचोळा, गांधील माश्यांचं पोळं, कधी सापाची कात. वायरी उंदराने कुरतडल्या नाहीत ना ते बघा. मग ड्रेनच्या टोकाला जा. कुंभारमाशीला ही नळी भारी आवडते, चिखलाने ती तोंड असं लिंपते की पाणी थेंबभरही बाहेर येत नाही आणि सगळं पलंगावर पडतं. काडीने माती काढा, पाणी ओतून बघा, आणि टोकाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधून ठेवा. आमच्याकडे गेल्या चतुर्थीला तो बांधायचा राहिला, आणि दीड दिवसाच्या गणपतीला आलेले पाहुणे ओल्या गादीवरून उठून ओटीवर झोपले.